कॉम्प्युटरातली ओळ कशी पुसतात आणि आपण काय विचारायचं

(वनहक्क समित्यांच्या तालुका शिबिरात केलेल्या मांडणीचा मजकूर. ज्या पाड्यांना शिबिराला येता आले नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे आणि मध्ये थांबून चर्चा करावी.)

आजचा विषय जरा कोरडा वाटेल. तरी घेतला आहे, कारण गेली काही वर्षे प्रत्येक बैठकीत एकच वाक्य कानावर येते. माणूस तालुक्याला जातो, भाडे घालवतो, दिवस मोडतो, आणि खिडकीवरचा माणूस सांगतो, "कॉम्प्युटरमध्ये तुमचं नाव दिसत नाही." माणूस माघारी येतो. पुढे काय विचारायचे ते त्याला सुचत नाही. साहेबाशी भांडता येते, पण मशीनशी कोण भांडणार?

आमचे म्हणणे असे की मशीन आपणहून काही करत नाही. नाव कोणीतरी घालते आणि कोणीतरी काढते. कसे काढते ते कळले, की काय विचारायचे तेही कळते. म्हणून आज फक्त एवढेच बघू, की कॉम्प्युटरातली एक ओळ कशी पुसली जाते.

तक्ता, ओळ, रकाना

सरकारी कॉम्प्युटरात माहिती तक्त्यांमध्ये ठेवतात. आपले हजेरीपत्रक असते ना, तसेच. उभे रकाने आणि आडव्या ओळी. समजा एक तक्ता आहे, त्याचे नाव 'दावे'. त्याचे रकाने असे : दावा क्रमांक, दावेदाराचे नाव, नवरा-बायकोतील दुसऱ्याचे नाव, गाव, वनकक्ष क्रमांक, क्षेत्र, स्थिती. एका दाव्याची एक ओळ. पाड्यात चाळीस दावे असतील तर चाळीस ओळी.

ही पद्धत एडगर कॉड नावाच्या गणितज्ञाने १९७० साली मांडली. तो आयबीएम कंपनीत होता. त्याचे मुख्य म्हणणे असे की एका तक्त्यात सगळे कोंबू नका. वेगवेगळे तक्ते करा आणि त्यांना क्रमांकाने एकमेकांशी जोडा. म्हणजे दावेदारांचा तक्ता वेगळा, पुराव्यांचा वेगळा, मोजणी नकाशांचा वेगळा. दावा क्रमांक ४७ हा आकडा तिन्हीकडे असतो, त्यावरून मशीनला कळते की हा नकाशा ह्या बाईचा. एवढाच तो धागा. मशीन तोंड ओळखत नाही, बांध ओळखत नाही, ते फक्त आकडा ओळखते.

पुसायचे वाक्य

ह्या तक्त्यांशी बोलायची एक भाषा आहे. तिला एसक्यूएल म्हणतात. तिच्यात ओळ पुसायचे वाक्य एवढेसे आहे :

डिलीट फ्रॉम दावे व्हेअर दावा क्रमांक = ४७

म्हणजे, 'दावे' ह्या तक्त्यातून पूस, जिथे दावा क्रमांक ४७ आहे ती ओळ. 'व्हेअर' म्हणजे 'जिथे'. ह्या 'जिथे'नंतर जे येते ती अट. सगळा खेळ ह्या अटीत आहे, हे नीट लक्षात ठेवा.

आता अट लिहिलीच नाही तर? फक्त 'डिलीट फ्रॉम दावे' एवढेच लिहिले तर? मशीन म्हणत नाही की बाबा तू अट विसरलास. ते तक्त्यातल्या सगळ्या ओळी काढून टाकते. तक्ता राहतो, रकाने राहतात, आत एकही ओळ नाही. कणगी जागेवर उभी, आत दाणा नाही, तसे.

अट चुकीची लिहिली तरी तेच. अटीत बसणारी एक ओळ असो की एक लाख, मशीनला सारखेच. काम झाल्यावर ते फक्त आकडा सांगते, इतक्या ओळी काढल्या. म्हणून ज्याला काम येते तो माणूस आधी तीच अट घालून नुसते दाखवायला सांगतो. दाखवायचा शब्द 'सिलेक्ट'. कोणत्या ओळी बसतात ते डोळ्यांनी बघतो, मोजतो, आणि मगच पुसतो. ही साधी रीत आहे. आपण झाड तोडण्याआधी वर मोहोळ आहे का बघतो, खाली गुरे आहेत का बघतो. तसेच.

एका अटीत किती माणसे

कागदाच्या काळात नाव काढायचे तर एकेका नावावर पेन फिरवावे लागे. शंभर नावे काढायला शंभरदा हात चालवावा लागे, आणि तेवढ्या वेळात कोणीतरी ओरडे, की अरे ही तर जिवंत आहे, काल बाजारात होती. कॉम्प्युटरात एका अटीने हजारो ओळी जातात, आणि ओरडायला तिथे कोणी नसते.

अट कशी फसते ते बघा. समजा अट घातली, नाव सारखे आणि गाव सारखे असेल तर एक ओळ दुबार समजून काढा. आपल्या पाड्यात एकाच नावाच्या तिघी-चौघी असतात. आपण त्यांना घरावरून, नवऱ्यावरून, आंब्याखालची, ओहोळापलीकडची असे ओळखतो. तक्त्यात तो रकानाच नाही. मग एक राहते, बाकीच्या दुबार ठरतात.

दुसरे, नाव इंग्रजीत टाइप करताना एकाने 'व्ही' घातला आणि दुसऱ्याने 'डब्ल्यू'. आधारवर एक, रेशन कार्डावर दुसरे. अट घातली की दोन्ही नावे जुळत नसतील तर काढा. माणूस तोच, पण जुळला नाही.

तिसरे, रिकामा रकाना. हे जरा विचित्र आहे, सावकाश ऐका. तक्त्यात काहीच भरले नाही तर मशीन त्याला 'माहीत नाही' असे धरते. समजा दाव्याच्या ओळीत गावाचा रकाना रिकामा राहिला. आता मशीनला विचारा, गाव आपले असलेल्या ओळी दाखव. ती ओळ येत नाही. मग उलटे विचारा, गाव आपले नसलेल्या ओळी दाखव. तरीही ती ओळ येत नाही. कारण दोन्हीकडे मशीनचे उत्तर 'माहीत नाही'. ओळ तक्त्यात आहे, पुसलेली नाही, पण दोन्ही यादीत दिसत नाही. 'गाव रिकामे असलेल्या ओळी दाखव' असे मुद्दाम विचारले तरच दिसते. म्हणून "दिसत नाही" म्हणजे "पुसले" असे लगेच धरू नका.

रोजगार हमीच्या यादीचे काय झाले

हे नुसते समजा-समजा नाही. केंद्र सरकारने २०२३ साली संसदेत उत्तर दिले, त्यानुसार २०२२-२३ ह्या एका वर्षात रोजगार हमीच्या यादीतून देशभर ५ कोटींहून जास्त मजुरांची नावे कमी झाली. आदल्या वर्षी हा आकडा दीड कोटीच्या आसपास होता. कारणे दिली होती : बनावट कार्ड, दुबार कार्ड, काम करायची इच्छा नाही, कुटुंब कायमचे गाव सोडून गेले, मृत्यू.

आता २००५ च्या रोजगार हमी कायद्याने काय अट घातली होती ते बघा. एखाद्याने खोटी माहिती देऊन नाव नोंदवले असे पंचायतीला वाटले, तरीसुद्धा दोन त्रयस्थ माणसांसमोर त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय नाव काढू नये. म्हणजे कायद्याने पुसण्याच्या आधी माणसाला उभे केले. मशीनमधल्या वाक्यात ह्या पायरीला जागाच नाही. ती पायरी मशीनच्या बाहेर, गावात व्हायला हवी. ती झाली का, एवढा एक प्रश्न आपण विचारू शकतो. "काम करायची इच्छा नाही" असे कोणाच्या नावापुढे लागले असेल, तर त्याला कोणी, कुठे, कोणासमोर विचारले?

एक ओळ ओढली की मागचे काय

मघाशी सांगितले की तक्ते एकमेकांना क्रमांकाने जोडलेले असतात. मग दावेदाराची ओळ पुसली तर तिच्या नकाशाचे, पुराव्यांचे काय? तक्ता बनवणाऱ्याने हे आधीच ठरवून ठेवलेले असते. तीन रस्ते आहेत.

पहिला, अडवणे. मशीन म्हणते, ह्या ओळीला नकाशा जोडलेला आहे, पुरावे जोडलेले आहेत, मी पुसू देणार नाही. हा सगळ्यात चांगला.

दुसरा, सोबत नेणे. एक ओळ पुसली की तिला जोडलेले सगळे आपोआप पुसले जाते. वेल उपटली की तिच्यावरचे भोपळेही गेले. दावेदार गेला, त्याच्याबरोबर जुन्या दंडाच्या पावत्यांची नोंद गेली, म्हाताऱ्यांचे जबाब गेले, जीपीएसची मोजणी गेली. मग कोणी म्हटले की चुकून नाव गेले, पुन्हा घाला, तर नाव एका मिनिटात येईल. पण बाकीचे कुठून येईल?

तिसरा, रिकामे करणे. दावेदार पुसला जातो, नकाशा राहतो, पण नकाशापुढचा दावेदाराचा रकाना मोकळा होतो. आपल्यासाठी हे फार घातकी आहे. तक्ता सांगतो की इतके क्षेत्र मोजलेले आहे, पण कसणारा कोणी नाही. कसणारा नसलेली मोजलेली जमीन कोणाच्या डोळ्यात भरते, ते ह्या सभेला सांगायला नको.

पुसलेले परत येते का?

काही वेळा येते. चांगल्या डेटाबेसमध्ये पुसण्याचे वाक्य लगेच पक्के होत नाही. आधी काम कच्चे असते. 'रोलबॅक' म्हटले तर सगळे होते तसे मागे येते. 'कमिट' म्हटले की पक्के. काही ठिकाणी हे कमिट आपोआप होते, तिथे मागे यायला जागा राहत नाही.

पक्के झाल्यावरही दोन ठिकाणी मागमूस राहू शकतो. एक, बॅकअप, म्हणजे वेळोवेळी काढून ठेवलेली पूर्ण नक्कल. दुसरे, लॉग, म्हणजे बदलांची रोजनिशी. कोणाच्या लॉगिनने, किती वाजता, काय बदलले हे लॉगमध्ये ठेवायची सोय करता येते. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये तर पुसलेली ओळ लगेच जागेवरून हलतही नाही. तिच्यावर गेल्याची खूण होते, आणि नंतर झाडलोट होईल तेव्हा जागा मोकळी होते.

ह्याचा अर्थ दोन गोष्टी. पहिली, "गेलं ते गेलं, आता काही होत नाही" हे उत्तर प्रत्येक वेळी खरे नसते. दुसरी, उशीर करू नका. जुने बॅकअप कायम ठेवत नाहीत, त्यांच्यावर नवे येतात. नाव गेल्याचे कळल्यावर आठ दिवसांत लेखी अर्ज आणि वर्षाने अर्ज, यात फरक पडतो.

तलाठ्याचा कंस

आता आपल्या ओळखीची एक गोष्ट. जुना हाताने लिहिलेला सातबारा आठवा. त्यावर नाव कमी करायचे तर तलाठी ते खोडून काढत नव्हता. नावाला कंस करत होता, आणि शेजारी फेरफाराचा नंबर. कंसातले नाव आजही वाचता येते. फेरफार नंबर घेऊन गाव नमुना ६ उघडला की कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने नाव कमी झाले ते सापडते. फेरफार मंजूर होण्याआधी नोटीस आणि हरकतीसाठी १५ दिवस. ह्या पद्धतीतही आपल्या लोकांच्या जमिनी गेल्या, हे विसरायचे नाही. कंस करणारा हात सावकाराच्या बाजूचा असायचा. पण कंस होता म्हणून कितीतरी प्रकरणे पुन्हा उघडता आली. आज्याचे नाव कंसात का होईना, कागदावर होते.

आपल्या राज्यात जमिनीचे कागद कॉम्प्युटरात घालायची सुरुवात वर्धा जिल्ह्यात झाली. १९८८-८९ साली देशातले आठ जिल्हे प्रयोगासाठी घेतले, त्यात वर्धा होता. आता सगळीकडे तेच आहे. आमचे म्हणणे कॉम्प्युटर नको असे नाही. कंस कॉम्प्युटरातही करता येतो. ओळ पुसायची नाही, स्थितीच्या रकान्यात 'कमी' लिहायचे, शेजारी तारीख, कारण, आदेश क्रमांक आणि करणाऱ्याचे नाव. ओळ तक्त्यातच राहते. ह्याला वेगळे मशीन लागत नाही, दोन-चार रकाने जास्त लागतात. संगणकाचे चांगले कारागीर हे जागोजागी करतात.

फक्त एक सावधगिरी. अशा वेळी खिडकीवरच्या पडद्याला आधीच सांगितलेले असते की चालू ओळीच दाखव. म्हणून खिडकीवरचा माणूस खरे सांगत असतो की त्याला दिसत नाही. त्याच्यावर चिडू नका. त्याला सांगा, "दादा, सगळ्या स्थितीतल्या ओळी बघा, कमी केलेल्यासुद्धा."

नाकारलेला दावा आणि पुसलेला दावा

आता आपल्या मुळाच्या प्रश्नावर येऊ. दावा नाकारला, हे वाईटच. पण नाकारलेल्या दाव्याला रस्ता आहे. वनहक्क नियम २००८ मध्ये २०१२ साली सुधारणा झाली. दावा नाकारला किंवा क्षेत्र कमी केले तर ते दावेदाराला स्वतः कळवायचे, कारणांसह कळवायचे, आणि त्याला वरच्या समितीकडे जायला ६० दिवस द्यायचे. त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा नाही.

नाकारलेल्यांच्या ओळींना किती वजन असते ते आपण २०१९ साली बघितले. १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने दावे नाकारलेल्यांना काढायचा आदेश दिला. देशभरची जंगलातली माणसे हादरली. २८ फेब्रुवारीला तो आदेश थांबवला आणि राज्यांना विचारले, की दावे नाकारताना रीत पाळली का ते सांगा. आता विचार करा. रीत पाळली का, हे तपासायचे कशावरून? प्रत्येक दाव्याच्या ओळीवरून. कधी आला, पुरावे कोणते, कोणत्या तारखेला नाकारला, कारण काय, दावेदाराला कळवले का.

ती ओळच नसेल तर? मग नाकारण्याचा आदेश नाही, कारण नाही, ६० दिवस नाहीत, अपील कशावर करायचे तेही नाही. कायद्याचे कलम ४(५) सांगते की मान्यता आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणाला जमिनीवरून हटवायचे नाही. पण ओळ नसलेल्या माणसाची पडताळणी बाकी आहे हे सिद्ध कोणी करायचे? म्हणून आम्ही म्हणतो, दावा नाकारणे आणि दावा पुसणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीविरुद्ध लढता येते. दुसरीत आधी आपण होतो हेच दाखवावे लागते.

मूळ कागद गावात

सुदैवाने कायद्याने मूळ गावातच ठेवले आहे. कलम ६(१) प्रमाणे प्रक्रिया ग्रामसभेपासून सुरू होते. नियम ११ प्रमाणे दावे घेणे, पोच देणे, ते जपून ठेवणे, दावेदारांची यादी आणि पुराव्यांची नोंद तयार करणे हे वनहक्क समितीच्या मदतीने ग्रामसभेचे काम. कॉम्प्युटरातला तक्ता ही त्याची नक्कल. नकलेतून ओळ गेली म्हणून मूळ जात नाही, पण मूळ कागद आपण सांभाळला असेल तरच.

म्हणून प्रत्येक पाड्याने एवढे करावे :

१. वनहक्क समितीचे दावा रजिस्टर पूर्ण करा. पानांना नंबर टाका. खाडाखोड नको, चुकले तर कंस करा, तारीख आणि सही घाला.

२. प्रत्येक दाव्याची पोच, नकाशा, पुरावे यांच्या तीन झेरॉक्स. एक घरात, एक समितीकडे, एक दुसऱ्या गावच्या साथीकडे. घर जळते, पाणी शिरते.

३. वर्षातून एकदा कार्यालयातून गावाची छापील यादी मागवा आणि ग्रामसभेत रजिस्टरशी ताडून बघा. नावे मोठ्याने वाचा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यातली कोणतीही ग्रामसभा चालेल. एकूण आकडाही ठरावात लिहा : रजिस्टरात इतके, यादीत इतके.

४. नाव दिसत नसेल तर चार प्रश्न लेखी विचारा. नोंद कधी केली होती का? सध्या कोणत्या स्थितीत आहे? कमी केली असेल तर कोणत्या आदेशाने, कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने? त्याआधी दावेदाराला कळवले होते का? अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

५. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकार, २००५ चा कायदा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, मुदत ३० दिवस. एकच नाव न विचारता विचारा की आमच्या गावाच्या किती नोंदी कमी झाल्या आणि त्या काढताना कोणती अट लावली.

पुसायचेच असते तेव्हा

कोणी म्हणेल, मग काहीच पुसायचे नाही का? तसे नाही. माणूस मेला तर त्याचे नाव कायम चालू ठेवून चालत नाही. पण वनहक्क वारसाला जातो. म्हणून मेलेल्याला कंस, आणि त्याच ओळीवरून वारसाची नवी नोंद. कंसाशिवाय वारस कोणाचा वारस?

आणि काही गोष्टी खरोखरच पुसायच्या असतात. संघटनेच्या स्वतःच्या कॉम्प्युटरात लोकांचे फोन नंबर, आधार नंबर, बँकेचे खाते असते. काम झाल्यावर ते ठेवायचे कारण नाही. चुकीच्या हातात गेले तर आपल्याच माणसाचे नुकसान. म्हणून आम्ही आपल्या दप्तरासाठी नियम ठेवला आहे. खासगी नंबर काम संपल्यावर पुसायचे. जमिनीची नोंद कधी पुसायची नाही, फक्त कंस. आणि कंस करायचा तर एकट्याने नाही, दोघांनी बसून, आधी यादी काढून, मोजून. हा नियम आपण पाळला तर सरकारकडे तो मागायला आपले तोंड मोकळे.

शेवटी एवढेच. ह्या पत्रिकेची पाने सायक्लोस्टाईलवर निघतात. शाई पसरते, अक्षर फिके येते, पण एकदा पाने पाड्यापाड्यात गेली की एका जागी बसून कोणालाही ती पुसता येत नाहीत. आपल्या दाव्याच्या रजिस्टराचेही तसेच करा. पुढच्या बैठकीला येताना आपल्या पाड्याचे दोन आकडे लिहून आणा, रजिस्टरात किती आणि कार्यालयाच्या यादीत किती. जिथे फरक असेल तिथून कामाला लागू.

जोहार.